पिल्लू घरी आणताना

सत्तरी ओलांडल्यावर कुत्र्याचे पिल्लू पाळावे की नाही, हा प्रश्न हौसेपेक्षा हिशेबाचा अधिक असतो. कुत्रा साधारणपणे १० ते १५ वर्षे जगतो. माझे वय आज ७१ आहे. यजमान गेल्यापासून घर फार शांत झाले आहे, हे खरे. परंतु आपला एकाकीपणा सरावा म्हणून एका मुक्या जिवाचे भवितव्य वाऱ्यावर सोडणे मला रास्त वाटेना.

म्हणून निवड करताना मनाआधी मनगटाचा कौल घेतला. लॅब्रॅडॉरचे पिल्लू गोजिरवाणे दिसते, पण मोठेपणी ते २५ ते ३० किलोंच्या वर जाते. त्याचा एक हिसका म्हातारपणी खुब्याचे हाड मोडायला पुरेसा असतो. त्यामुळे मी मध्यम चणीचे देशी पिल्लू घ्यायचे ठरवले. चार भावंडांपैकी सर्वांत आधी अंगावर झेपावणारे घेतले नाही, कोपऱ्यात दबून बसलेलेही नाही; जे जवळ आले, हात हुंगून शांतपणे शेजारी बसले, तेच निवडले. आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत त्याला आईजवळच राहू दिले. घरी आणताच पशुवैद्यांकडून जंतांचे औषध आणि लसींचे वेळापत्रक घेतले.

वळण लावण्याचे खरे सूत्र एकच, ते म्हणजे नियमितपणा. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांहून अधिक काळ लघवी रोखता येत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला दरवेळी त्याच ठरलेल्या कोपऱ्यात न्यावे, आणि तेथे विधी उरकताच लगेच शाबासकी द्यावी. घरात चूक झाली, तर मारू नये, नाकही घासू नये. मागाहून केलेल्या शिक्षेचा अर्थ त्याला उमगत नाही. ते केवळ आपल्याला भिऊ लागते आणि पुढे लपून घाण करते. जागा नीट धुऊन वास घालवावा, नाहीतर ते पुन्हा तेथेच जाते. फरशी लगेच कोरडी करावी, ती आपल्याच पायांसाठी. ते पायांत घोटाळू लागले की कळावे, म्हणून मी त्याच्या गळ्यात घुंगरू बांधले आहे. रात्री मला दोनदा उठावे लागतेच; ते जागरण आता त्याच्याही कामी येते.

माझ्यानंतर याचे काय, हा प्रश्न मी पिल्लू पाहण्यापूर्वीच मुलीपुढे मांडला होता. तिने दोन दिवस विचार करून, जावयांशी बोलून होकार कळवला. तो आला नसता, तर मी पिल्लू आणले नसते. आता ती दर पंधरवड्याला येते, तेव्हा त्याला फिरवण्याचे काम तिचे असते. त्या दोघांचा लळा माझ्या डोळ्यांदेखत जुळायला हवा.