नवा कालखंड

गेल्या पावसाळ्यात आम्हांला इंग्लंडहून एक पत्र आले. ते पाठवणारे गृहस्थ आता पंचाहत्तरीला टेकले आहेत. वीस वर्षांपूर्वी उत्तर इंग्लंडमधील एका धर्मग्रामात आम्ही उन्हाळ्याचे दोन महिने तेथील धर्मगुरूंच्या जागी काम केले. त्या वेळी हे निवृत्त इतिहास-शिक्षक दर रविवारी मिस्सेनंतर आम्हांला आपल्या घरी चहाला नेत. पत्रात त्यांनी विचारले होते, "फादर, मला आता नवा कालखंड निवडायचा आहे. बहुधा हा शेवटचाच. तुमची वसई घेऊ का?"

वाचकांना या प्रश्नाचा उलगडा व्हावा, म्हणून त्यांच्या घराच्या माळ्यावरील खोलीत आधी डोकवायला हवे. मधोमध सहा फूट लांब आणि चार फूट रुंद टेबल, त्यावर हिरवे कापड, कापडाखाली पुस्तके सारून उठवलेल्या टेकड्या. आणि त्या टेकड्यांवर इंचभर उंचीचे, हाताने रंगविलेले शेकडो धातूचे सैनिक. प्रथम आम्हांला हसू आले. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान घोकलेल्या माणसाला हा पोरखेळच वाटणार. पण तासाभरातच आम्ही फूटपट्टी हाती घेऊन घोडदळाची चाल मोजू लागलो होतो. दोन्ही बाजूंनी आळीपाळीने चाली करायच्या, किती इंच सरकायचे ते नियमपुस्तकात पाहायचे आणि बंदुकीच्या फैरीत किती पडले ते फाशांवरून ठरवायचे, असा तो खेळ.

या खेळाचे कुळ मोठे आहे. 'ट्रेझर आयलंड'चे कर्ते स्टीव्हन्सन १८८०नंतरच्या आरंभीच्या वर्षांत स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे हवापालटासाठी राहिले असता आपल्या सावत्र मुलाबरोबर माळ्यावर शिशाच्या सैनिकांची युद्धे खेळत. एच. जी. वेल्स यांनी तर १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक लिहून त्याचे नियमच घालून दिले. हा छोटा खेळ दोनचार वेळा खेळणाऱ्याला खरे महायुद्ध किती आंधळे प्रकरण असेल हे उमगावे, अशी त्यांची धारणा होती. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. पुस्तके लिहून युद्धे थांबत नाहीत, हे आम्हां प्रवचनकारांना वेगळे सांगायला नको.

या मंडळींत 'कालखंड निवडणे' ही जवळजवळ स्थळ पाहण्याइतकी गंभीर बाब असते. एकदा निवड केली की दोन्ही सैन्ये मिळून तीनचारशे सैनिक विकत घ्यायचे, एकेकाला बारीक कुंचल्याने रंग द्यायचा, आणि त्यात दीड-दोन वर्षे जायची. म्हणून आधी पुष्कळ चौकशी होते. त्या युगाचे सैनिक बाजारात मिळतात का? पायदळ, घोडदळ आणि तोफखाना यांचा मेळ आहे का? दोन्ही पक्ष तुल्यबळ आहेत का? नाहीतर एकाने सदा हरायचे, म्हणजे खेळाची गोडीच गेली. नियम कोणते लावायचे, आणि समोर खेळायला कोण बसणार? आमच्या स्नेह्यांचा तीस वर्षांचा प्रतिपक्षी दोन वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून जुने सैन्य त्यांनी पेटीत मिटून ठेवले आहे. नवा कालखंड घेण्यामागचे खरे कारण हेच असावे, असे आम्हांला वाटते.

त्या उन्हाळ्यात आम्ही ब्लेनहाइमची लढाई दोनदा खेळलो. १७०४च्या ऑगस्टमध्ये डॅन्यूब नदीकाठी झालेल्या त्या लढाईत विजयी पक्षाचीच सुमारे बारा हजार माणसे मृत वा जखमी झाली. आम्ही मात्र चहात बिस्किटे बुडवीत फासे टाकत होतो. एकदा आम्ही सहज विचारले, "तुम्ही पहिले महायुद्ध का घेत नाही?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझे चुलत आजोबा १९१६ साली सॉम येथे पडले. त्यांची तसबीर आईच्या खोलीत असे. ते दार मी उघडत नाही, फादर."

आणि आता हेच गृहस्थ आमचे दार ठोठावीत होते!

खरे सांगायचे तर प्रथम आनंदच झाला. दूरदेशीच्या एका टेबलावर आमच्या वसईचा किल्ला उभा राहणार! उत्तर लिहायला बसलो आणि दुसऱ्याच ओळीला लेखणी अडली. काही वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना घेऊन आम्ही किल्ला दाखवायला गेलो होतो. चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी एका मुलाने विचारले होते, "फादर, त्या लढाईत आपण जिंकलो की हरलो?" आम्ही घाईने म्हणालो, "चला चला, बस सुटेल." त्या उत्तराची लाज आजही वाटते.

प्रश्न सोपा नव्हताच. १५३४च्या तहाने पोर्तुगीजांना मिळालेली वसई दोनशे वर्षे त्यांच्याकडे राहिली. आमची श्रद्धा त्याच काळात रुजली. आमचे संत गोन्सालो गार्सिया याच मातीत जन्मले. परंतु त्याच राजवटीने आमच्या हिंदू शेजाऱ्यांच्या देवळांवर आणि चालीरीतींवर घाला घातला. गंजलेली ती व्यथा घेऊन अणजूरचे गंगाजी नाईक पेशव्यांकडे गेले, हेही तितकेच खरे. १७३७मध्ये ठाणे पडले, १७३९च्या जानेवारीत तारापूर. मग तीन महिने वसईला वेढा. सेंट सेबास्टियन बुरुजाखाली सुरुंग उडाले आणि १६ मे १७३९ रोजी शरणागतीच्या अटींवर सह्या झाल्या. पोर्तुगीजांकडील हानी आठशेच्या आणि मराठ्यांकडील पाच हजारांच्या घरात सांगितली जाते. चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. वाईजवळच्या मेणवलीला कृष्णाकाठी अशाच एका घंटेखाली आम्ही उभे राहिलो आहोत. ती आपली म्हणून डोळे भरून आले. आणि तिच्याखाली हात जोडणारी म्हातारीही आमच्याच भाषेत देवाशी बोलत होती.

आता त्या टेबलावर आमच्या पूर्वजांना कोणत्या रंगाचा अंगरखा चढवायचा? धर्म तटाच्या आत, भाषा तटाच्या बाहेर. १७३९ हे आमचे सॉम तर नव्हे?

पहिले पत्र आम्ही नकाराचे लिहिले आणि फाडले. दार बंद ठेवून प्रश्न सुटत नाही, हे त्या मुलाने आम्हांला आधीच शिकवले होते. दुसऱ्या पत्रात लिहिले: "वसई जरूर घ्या. मात्र वेढा टेबलावर रटाळ होईल. तीन महिने खंदक आणि सुरुंग खणण्यात गेले. त्यापेक्षा तारापूरचा हल्ला घ्या. दोन्ही सैन्ये सारख्याच मायेने रंगवा. आणि आमची एक विनंती. तटाबाहेर थोडी वाडी उभारा. रहाटाच्या विहिरीवर एक शेतकरी, डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई, होडीपाशी एक कोळी. ते कोणाच्याच सैन्यात नसतील. ते आमचे लोक."

महिन्याभराने उत्तर आले. अक्षर पूर्वीपेक्षा थरथरते होते. "नियमपुस्तकात त्यांना जागा नाही, फादर. पण टेबल माझे आहे. टोपलीवाली बाई रंगवून झाली. लुगड्याचा रंग कळवा." आम्ही लाल कळवला. आमच्या आजीचे लुगडे तसेच होते.

तो मुलगा आता दहावीत आहे. मागच्या रविवारी मिस्सेनंतर त्याला थांबवून आम्ही जुन्या प्रश्नाचे उत्तर दिले. तो प्रश्न विसरलाही होता. तरी ऐकून घेतले. आम्ही म्हणालो, "बाळा, शरणागतीनंतर पोर्तुगीज शिबंदी शस्त्रे घेऊन, नगारे वाजवीत जहाजांवर चढली आणि गेली. चिमाजी अप्पांची फौजही बरीचशी घाटावर परतली. वाडीतली माणसे कुठेच गेली नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी रहाट जोडला, पाटाला पाणी सोडले, आणि रात्री घराघरात रोझरी म्हटली. आपण जिंकलो नाही, हरलोही नाही. आपण राहिलो."

त्याने क्षणभर विचार केला आणि विचारले, "आणि शेजारचे?"

"तेही राहिले," आम्ही म्हणालो.