अपेक्षांची यादी

गेल्या उन्हाळ्यात धामणगाव रेल्वेला आमच्या नात्यातले एक लग्न होते. वरातीत ‘लॅम्बर्गिनी’ हे २०१८ साली गाजलेले पंजाबी गाणे लागले. महागडी मोटार चालवणाऱ्या प्रियकराने आपल्यालाही फिरवून आणावे, असा त्यातील प्रेयसीचा लाडिक हट्ट आहे. सर्वांत पुढे नाचत होता तो माझा भाचा. वय ३२, सात एकर कपाशी-तुरीचे वावर, कसलेही व्यसन नाही. आणि तोवर पदरी पडलेले पाच नकार.

रात्री पंगती उठल्यावर तो सहज म्हणाला, “मामी, गाडी नाही म्हणून नाही, वावर आहे म्हणून नकार येते.”

मी निरुत्तर झाले. त्याच आठवड्यात मी माझ्या लेकीचा बायोडाटा लिहिला होता. अपेक्षा : कायमची नोकरी, पुण्यात स्वतःचे घर, गावाकडे शेती. शेती हवी होती. शेतकरी नको होता.

याला केवळ लोभ म्हणता येणार नाही. मी कापूस पिकवणाऱ्याची मुलगी आहे. दुबार पेरणीच्या वर्षी आईने मोडलेले दागिने मला आठवतात. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुण नवरदेवाच्या वेषात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. स्त्रीभ्रूणहत्येविरुद्धचा कायदा कठोरपणे राबवावा, अशीही त्यांची मागणी होती. मुली जन्मू न देणाऱ्या समाजाने मुलींच्या अपेक्षांना नावे ठेवावीत, हे शोभत नाही.

तरीही सुरक्षितता वेगळी आणि मिरवणे वेगळे. गाण्यातली मोटार तीन मिनिटांत निघून जाते. आपण मात्र तिचे हप्ते मुलांच्या मनावर लादतो. नकारामागून नकार आले की माणूस स्वतःलाच कमी लेखू लागतो. भाच्याची झोप उडाली होती, हे मला नंतर कळले.

लेकीने माझा कागद वाचला आणि विचारले, “आई, राग आल्यावर तो कसा वागतो, हे यात कुठे आहे?”

ते नव्हते. आणखीही एक गोष्ट नव्हती. आपल्या विदर्भात सिकलसेल आढळतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. रक्ताच्या साध्या तपासणीने वाहक कोण हे कळते. आम्ही पत्रिका मागतो, पगार विचारतो. हा अहवाल मात्र मागत नाही.

लेकीने यादी नव्याने लिहिली. ‘उत्पन्नाची खरी माहिती’ हे कलम तिने ठेवले. पुण्याचे घर खोडले. व्यसन, स्वभाव, घरकामातला वाटा आणि रक्ततपासणी यांना वरचे स्थान दिले. स्वतःची तपासणी तिने आधी करून घेतली.

भाच्याचे लग्न अद्याप जुळलेले नाही. मात्र त्याच्यासाठी स्थळ पाहताना आता मी तीच यादी घेऊन जाते, आणि मुलीकडच्यांनी कर्जाविषयी विचारले, तर राग मानत नाही.