वॉशिंग्टन नांवाचें खेडें

चिपळूणचा तो चिपळूणकर, ही आपल्या भाषेंतील मोठी सोय आहे. इंग्रजींत असा 'कर' नाहीं. नॉर्मन राजवटींत गांवाच्या नांवापूर्वी 'द' हें अव्यय लावीत असत. पुढें तेंही गळालें आणि उघडें ग्रामनाम तेवढें माणसास चिकटून राहिलें. 'रा. रा. गोविंदराव चिपळूण' असें म्हणावें तसाच हा प्रकार! न्यूटन म्हणजे नवी वाडी. ब्रॅडफर्ड म्हणजे नदीचा रुंद उतार. ज्याचा १८३१ सालचा मराठी-इंग्रजी कोश जुन्या घरांतून अद्यापि आढळतो, त्या मोल्सवर्थचें आडनांवही हंटिंग्डनशायरमधील एका खेड्याचें आहे. 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती.

पाणिनीनें निवास आणि अभिजन असा भेद केला आहे. आपण स्वतः राहतों तो निवास, पूर्वज राहिले तो अभिजन. आडनांव सांगतें तें बहुधा अभिजन. कारण चिपळुणांत राहणाऱ्या माणसास चिपळूणकर म्हणून ओळखण्यांत कांहीं अर्थ नसतो. तो गांव सोडून दुसरीकडे गेला म्हणजे त्या नांवाचा उपयोग. इंग्लंडांतही पोटासाठीं गांव सोडणाऱ्यांना अशींच नांवें पडलीं. जमीनदारांची गोष्ट मात्र निराळी. त्यांनीं जें गांव ताब्यांत आलें त्याचेंच नांव धारण केलें.

याचें उत्तम उदाहरण इंग्लंडच्या ईशान्येस, सन्डरलंड शहराजवळ आहे. तेथील वॉशिंग्टन हें गांव मूळचें ह्वॅसा नांवाच्या कोणा सॅक्सन पुरुषाच्या लोकांची वाडी. डरॅमच्या बिशपानें ११८३ सालीं आपल्या मुलखाची जी पाहणी करविली, तींत विल्यम द हर्टबर्न यानें आपलें हर्टबर्न गांव देऊन त्याच्या मोबदल्यांत हें गांव घेतल्याची नोंद आहे. हर्टबर्न म्हणजे हरणाचा ओढा. किती सुंदर नांव! पण गांव बदललें तसें या गृहस्थाचें आडनांवही बदललें. आज आडनांव बदलावयाचें तर सरकारी गॅझेटांत जाहिरात द्यावी लागते. त्या काळीं गांवाची अदलाबदल पुरेशी झाली.

या कुळाची एक शाखा दक्षिणेस नॉर्थॅम्प्टनशायरमध्यें सल्ग्रेव्ह येथें गेली. तिच्यांतील जॉन वॉशिंग्टन सतराव्या शतकाच्या मध्यास व्हर्जिनियांत उतरला. अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षाचा हा पणजोबा. १७९१ सालीं नव्या राजधानीस जॉर्ज वॉशिंग्टनचें नांव दिलें गेलें. एका सॅक्सन माणसाचें नांव गांवास, गांवाचें कुळास, कुळाचें पुरुषास, आणि त्या पुरुषाचें पुन्हां नगरास, असा हा प्रवास आहे. त्या नगरानें १९३८ सालीं स्वीकारलेल्या ध्वजावरील दोन तांबडे पट्टे व तीन तारेही याच कुळाच्या चिन्हांतील आहेत.

इकडे मूळ गांवांतील वाड्याची दशा काय झाली? १६१३ सालीं तो डरॅमच्या बिशपास विकला गेला व पुष्कळसा नव्यानें बांधला गेला. एकोणिसाव्या शतकांत त्याची चाळ झाली. अनेक गरीब बिऱ्हाडें त्यांत दाटीवाटीनें राहूं लागलीं. १९३६ सालीं तो राहण्यास अयोग्य ठरला. तो वांचला याचें श्रेय कोणा उमरावास नसून फ्रेड हिल या तेथील शिक्षकास आहे. त्यानें मंडळ स्थापून प्रयत्न चालविले. मध्यें महायुद्ध आलें. अखेर १९५५ सालीं अमेरिकेच्या राजदूताच्या हस्तें वाड्याचें उद्घाटन झालें. १९७७ सालीं अध्यक्ष कार्टर यांनीं तेथें येऊन झाड लावलें. 'हिल' म्हणजे टेकडी. त्या शिक्षकाचा कोणी पूर्वज टेकडीपाशीं राहत असावा, गांव नांवावर करून घेण्याइतकी त्याची ऐपत नसावी.

या नांवाचा खरा विस्तार मात्र निराळ्याच लोकांत झाला आहे. अमेरिकेच्या २००० सालच्या खानेसुमारींत वॉशिंग्टन आडनांवाचे जे लोक आढळले, त्यांपैकीं सुमारें ९० टक्के कृष्णवर्णीय होते. जॉर्ज वॉशिंग्टन स्वतः गुलामांचा मालक होता, हें येथें विसरतां येत नाहीं. गुलामांचे पूर्वज आफ्रिकेंतील ज्या गांवांतून ओढून आणले, तीं गांवें कोणतीं हें त्यांच्या वंशजांपैकीं बहुतेकांस कळण्याचा मार्गच उरलेला नाहीं. अभिजनच पुसून टाकलेला माणूस आडनांव कोठून आणणार?

बुकर वॉशिंग्टन या थोर शिक्षणप्रसारकानें आत्मचरित्रांत लिहिलें आहे कीं, मुक्तीनंतर तो प्रथम शाळेंत गेला तेव्हां हजेरीच्या वेळीं इतर मुलांना निदान दोन नांवें होतीं, आणि त्याला मात्र 'बुकर' एवढेंच. त्याचा नंबर येईपर्यंत त्यानें मनाशीं विचार केला, आणि मास्तरांनीं विचारतांच 'बुकर वॉशिंग्टन' असें शांतपणें सांगितलें. त्याच्या सावत्र बापाचें पहिलें नांव वॉशिंग्टन होतें. आईनें आपलें नांव टॅलिअफेरो असेंही ठेविलें होतें, हें त्याला पुढें कळलें, तेव्हां तें त्यानें मध्यें घातलें. आडनांव मात्र शाळेंत सांगितलेलेंच कायम ठेविलें.