नायगावचा मुक्काम आणि जुनी शहरे

शेतकऱ्याला सुटी नसते, असे आपण नेहमी म्हणतो. पण नीट हिशेब केला तर वर्षात आठ दिवसांची फट सापडते. आमच्या निफाडकडे ती मार्गशीर्षात सापडते. लाल कांदा बाजारात गेलेला असतो, उन्हाळ कांद्याचे रोप अजून लागणीला आलेले नसते, गव्हाला पहिले पाणी देऊन झालेले असते. लग्नाला एकतीस वर्षे झाली. या एकतीस वर्षांत आम्ही दोघे मिळून गेलो ते लग्नकार्याला, दवाखान्याला नाहीतर देवाला. नुसते हिंडायला म्हणून कधीच नाही. यंदा ही म्हणाली, "लेक नायगावला राहायला गेली त्याला दोन वर्षं झाली. तिचं घर पाहू, आणि जवळपास काही जुनंपानं असेल तेही पाहू." धाकट्या भावाने गुरांचे पाहायचे कबूल केले आणि आम्ही निघालो.

खरे सांगायचे तर निघायला आणखी एक कारण होते. आमच्या रस्त्याकडेच्या दीड एकराला गिऱ्हाईक आले होते. प्लॉट पाडायचे होते त्याला. त्या तुकड्यात वडिलांनी खणलेली विहीर आहे. सातबाऱ्यावर नावे आम्हा दोघांची, उत्तर द्यायचे संक्रांतीपर्यंत, आणि घरात तो विषय निघाला की दोघांचेही आवाज चढत. तेव्हा म्हटले, आठ दिवस तरी लांब जाऊ.

पंचवटीने दादर, तिथून विरारची लोकल. भाईंदर सुटले की गाडी खाडीवर येते. तुम्ही कधी गेलात तर इथे खिडकीपाशी उभे राहा. उल्हास नदी इथे समुद्राला मिळते. पुलाच्या मध्यावर पाणजू नावाचे बेट आहे, चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये नांदते गाव. पूल संपला की दोन्ही अंगांना मिठागरे दिसतात. आपण गव्हाला वाफे करतो तसेच हे वाफे, फक्त त्यांत पाटाचे पाणी न घेता भरतीचे घेतात. पावसाळा सरला की तळ चोपून घट्ट करतात, मग पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हाने आटवतात. पुष्कळ मिठागरे आता पडीक आहेत. ही बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हीसुद्धा शेतीच की."

नायगाव म्हणजे एका स्टेशनाची दोन गावे. पश्चिमेला कोळीवाडा, पुढे उमेळे, नारळी आणि जुनी कौलारू घरे. पूर्वेला इमारतींचे रान. लेक पूर्वेला सातव्या मजल्यावर राहते. तिथून थोड्या अंतरावर जूचंद्र गाव आहे, टेकडीवर चंडिका देवी आहे. या गावचे रांगोळी काढणारे कलाकार फार नावाजलेले. निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहे, पारा तीन-चार अंशांवर उतरतो. इथे मात्र आमचे स्वेटर आठही दिवस पिशवीतच राहिले.

दुसऱ्या दिवशी वसईला गेलो. वसई रोड हे पुढचेच स्टेशन. तिथून किल्ल्याकडे बस जाते, रिक्षाही मिळते. मी किल्ला म्हटल्यावर डोंगरावरचा किल्ला डोळ्यांपुढे आणला होता. हा तसा नाही. सपाट जमिनीवर, तीन बाजूंनी पाण्याचा आणि दलदलीचा आधार घेऊन बांधलेले ते एक तटबंदीचे शहरच होते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढे दोनशे वर्षे त्यांनी इथे राज्य केले. आत रस्ते, वाडे, दवाखाना आणि एकापेक्षा एक मोठी देवळे. आता छपरे गेली आहेत. दगडी कमानी उभ्या आहेत, भिंतींतून वड-पिंपळ फुटले आहेत, आणि फरशीत बसवलेल्या थडग्यांवरची अक्षरे अजून दिसतात. त्यांच्यापैकी एका देवळाशी गोन्सालो गार्सियाचे नाव जोडलेले आहे. हा वसईत जन्मलेला मुलगा. आई इथलीच होती. १५९७ साली जपानात नागासाकीला त्याला क्रुसावर मारले, आणि १८६२ मध्ये त्याला संत म्हणून जाहीर करण्यात आले.

मराठ्यांनी ही मोहीम १७३७ साली हाती घेतली. चिमाजी आप्पांनी वेढा आवळला, तटाखाली सुरुंग लावले, आणि १७३९ च्या मे महिन्यात किल्ला पडला. मराठ्यांची हजारो माणसे कामी आली. एवढे होऊनही पोर्तुगिजांना त्यांच्या मालमत्तेसह मानाने जाऊ दिले, हे मला पराक्रमाइतकेच मोठे वाटते. आप्पांचे स्मारक आत आहे, नागेश्वराचे देऊळही आहे. विजयाच्या नवसाचे वज्रेश्वरीचे देऊळ इथून दूर, तानसा नदीकाठी आहे. पण त्याच किल्ल्याच्या नावाने दुःखाची गोष्टही आहे. १८०२ सालच्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो वसईचा. आप्पांनी जे मिळवले ते त्रेसष्ट वर्षांनी त्यांच्याच घराण्यातल्या माणसाने एका कागदावर घालवले. ही सहीची गोष्ट मी हिला सांगितली तेव्हा ती काही बोलली नाही, पण माझ्याकडे पाहिले.

आता घंटेचे. सेंट जोसेफच्या उंच मनोऱ्याखाली आम्ही उभे होतो. मनोरा रिकामा. या शहरातल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी नेल्या आणि आपल्या देवळांत टांगल्या. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे, आणि नाशकात गोदेकाठी नारोशंकराच्या देवळात एक आहे, तिच्यावर १७२१ साल कोरलेले आहे. आमच्या घरी या घंटेला वेगळे महत्त्व आहे. हिचे माहेर पंचवटीतले आणि आवाज खणखणीत. म्हणून माझी आई हिला पहिल्या दिवसापासून 'नारोशंकराची घंटा' म्हणत असे. ही मान वर करून म्हणाली, "म्हणजे माझं मूळ गाव वसई म्हणायचं!" शेजारी उभी असलेली शाळेची पोरेसुद्धा हसली.

किल्ल्याच्या पलीकडे किल्लाबंदर आणि पाचूबंदर हे कोळीवाडे आहेत. वलांडीवर बोंबील वाळत घातलेले होते. वास सोसवत नसेल तर नाकाला पदर लावा, पण जा. उन्हाच्या आधी पोचा, पाणी बरोबर ठेवा, गवतात चपलेने शिरू नका आणि तटावर चढण्याची हौस धरू नका. दगड सुटलेले आहेत.

परतताना आम्ही मुद्दाम वाड्यांच्या रस्त्याने आलो. वसईची खरी श्रीमंती इथे आहे. केळी, पानवेली, नारळ, भाजी, सोनचाफा, मोगरा. इथला माल पहाटेच्या गाडीने दादरला जातो. लाल लुगडे नेसलेली एक आजी ओट्यावर सुकेळी बांधत बसली होती. राजेळी केळी पिकवून, सोलून, आठवडाभर उन्हात वाळवायची, रात्री झाकून ठेवायची, की मधासारखी होतात. ही खाली बसली आणि दोघींचे सुरू झाले. आजी ख्रिस्ती, ही पंचवटीची. बोलणे मराठीत, आणि तेही सुनांबद्दल.

आजीच्या मालकांनी मला त्यांचे बावखल दाखवले. बावखल म्हणजे वाडीत खणलेले उथळ तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते, आणि समुद्र इतका जवळ असूनही विहिरीचे पाणी गोड राहते. पूर्वी रहाटाने उपसून वाडीला देत. पुढे इमारती वाढल्या, टँकरने पाणी उपसून विकले जाऊ लागले आणि विहिरींना खार चढू लागला. त्याविरुद्ध इथल्या लोकांनी हरित वसईची चळवळ उभारली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या पुढे होते. हेच फादर २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले.

"आमच्या भावकीत तीन बावखलं होती," म्हातारे म्हणाले. "दोन बुजवली. एकावर बंगला आहे, एकावर गाड्या लागतात."

"का बुजवली?" मी विचारले.

"पोरींची लग्नं होती. बरं वाटलं तेव्हा. आता पावसात बंगल्यात पाणी शिरतं. पाणी जुन्या जागी येणारच ना."

नेमका त्याच वेळी माझा फोन वाजला. गावचा दलाल होता. मी नुसते "हॅलो" म्हटले, तोच हिने फोन हातातून घेतला आणि ठणठणीत आवाजात सांगितले, "आम्ही परगावी आहोत. संक्रांत होऊ द्या, मग बघू." म्हाताऱ्यांनी दचकून वर पाहिले. घंटेची गोष्ट मी त्यांनाही सांगितली.

सोपाऱ्याला एकच दिवस गेलो. नालासोपारा स्टेशनाबाहेरची गर्दी पाहून वाटते, इथे जुने काय असणार! पण हे शूर्पारक, अपरान्ताचे जुने राजधानीचे बंदर; परदेशची गलबते इथे लागत. पुढे खाडी गाळाने भरली आणि बंदराचे महत्त्व गेले. ताडामाडांत एक टेकाड आहे, लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकरले तर निघाला बौद्ध स्तूप. पोटात दगडी पेटी, तीत एकात एक करंडक, बुद्धाच्या छोट्या मूर्ती आणि भिक्षापात्राचे तुकडे. त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यात सापडला. तो लेख प्रवासाबद्दलच आहे. पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी फिरत. अशोकाने ते सोडून गावोगावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना, खेड्यातल्या माणसांना भेटण्यासाठी फिरणे सुरू केले, आणि त्यातच त्याला जास्त आनंद वाटू लागला. स्तूपाच्या पायरीवर बसून आम्ही लेकीने दिलेले थालीपीठ खाल्ले. हिला चक्रेश्वराचे तळे आणि तिथली ब्रह्मदेवाची जुनी मूर्ती स्तूपापेक्षा आवडली, मला स्तूप.

परतताना मुद्दाम नाशिक रोडला उतरलो आणि गोदेकाठी गेलो. लहानपणापासून पाहिलेली घंटा हिने पुन्हा नव्याने पाहिली. मी म्हटले, "रिकामा मनोरा पाहून आलो ना, म्हणून वेगळी वाटते." ती म्हणाली, "गावी जाऊन आधी विहिरीचा गाळ किती आहे ते बघा. वडील गेल्यापासून काढलाच नाही."

संक्रांतीला अजून अठरा दिवस आहेत. सुकेळ्यांचे एक पुडके शिल्लक आहे आणि गव्हाचे दुसरे पाणी उद्या द्यायचे आहे.