गाभण शेळीचं मीठ

शेळी अंगाने भरलेली, कातडी तुकतुकीत, रवंथ करत उभी. तिच्या पोटचं एक करडू मेलेलंच आलं होतं. दुसरं पोत्यावर पडून होतं. केस इतके विरळ की पोटाखालची गुलाबी कातडी दिसत होती. गळ्याशी, जबड्याखाली, दोन्ही बाजूंना गाठी. चिमटीत धरल्या तर एकेक लिंबाएवढी.

"दिवस उलटले तरी व्यायेना, अन् आता हे चीकसुद्धा ओढंना. कुणाची दीठ लागली का, डॉक्टर?" मावशींनी विचारलं.

मी आधी चारा पाहिला. जुन्नरकडच्या त्या मळ्यात कोबीची तोडणी सुरू होती आणि बाहेरचा पाला रोज शेळ्यांपुढे पडत होता. कोबीपासून पोटात थायोसायनेट तयार होतं, ते आयोडीनला थायरॉइड ग्रंथीत शिरू देत नाही. मग मीठ विचारलं. घरात पुड्याचं, गोठ्यात खडेमीठ. आयोडीन नसलेलं मीठ माणसांच्या खाण्यासाठी विकायला २००६पासून देशभर बंदी आहे. जनावरांच्या मिठाला ती लागू नाही.

गर्भाला आयोडीन मिळतं ते आईच्या रक्तातून. ते तुटलं की त्याची ग्रंथी थायरॉक्सिन बनवू शकत नाही. मेंदूतली पीयूषिका तिच्यामागे तगादा लावते, आणि ग्रंथी नुसती फुगत जाते. थायरॉक्सिनवाचून केस येत नाहीत, अंगात ऊब टिकत नाही, चोखायला जोर राहत नाही. आई मात्र बहुधा धडधाकट दिसते, म्हणून पाच महिने कुणाला शंकाच येत नाही. मला सगळ्यात जास्त हेच सलतं.

चीक पिळून नळीने पाजला, शेकलं, आयोडीन दिलं. करडू रात्री गेलं.

गोठ्यात आणखी गाभण शेळ्या होत्या. त्यांचा कोबी बंद करायला लावला, आयोडीनचं मीठ आणि खनिज मिश्रण सुरू केलं. मिश्रणाची पिशवी मावशींकडे आधीपासून होती. "दूध देती तोवर घालतो, आटली की बंद," त्या म्हणाल्या. बहुतेक गोठ्यांत हेच ऐकतो. करडाची सगळ्यात जास्त वाढ होते ती शेवटच्या दीड-दोन महिन्यांत, नेमकी शेळी आटलेली असताना.