‘वन ऑफ’च्या पुढचा ‘स’

इंग्रजी बोलताना आपलं कसंबसं निभावतं. शब्दाच्या शेवटचा ‘स’ तोंडातच विरला तरी ऐकणारा मनावर घेत नाही. कागदावर मात्र तोच ‘स’ नसला की डोळ्यांत खुपतो. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ हे त्यातलं रोजचं उदाहरण. लिहायला हवं ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’.

आमच्या लातूरच्या गल्लीत एक सून आहे. माहेर नांदेडचं, बी.ए. झालेली. लेकीच्या शाळेत रजेची चिठ्ठी द्यायची, म्हणून तिनं लिहिलं, ‘वन ऑफ माय कझिन इज गेटिंग मॅरिड.’ चिठ्ठी तांबडी रेघ घेऊन परत आली. आठ वर्षांची लेक म्हणाली, “मम्मी, तू नको लिहूस. पप्पांना लिहू दे.” तेव्हापासून चिठ्ठी असो की फॉर्म, ती नवऱ्यापुढं सरकवते. मला म्हणाली, “काकू, आपल्याला नाही जमायचं बघा इंग्रजी.”

एका ‘स’पायी लेखणीच खाली ठेवायची? मला काही हे पटेना. म्हटलं, “अगं, तू मनात म्हणालीस ‘माझी एक चुलतबहीण’. तिथं बहीण एकच, म्हणून हातानंही एकच लिहिली. पण ‘वन ऑफ’ म्हणजे ‘पैकी एक’. ‘बहिणीपैकी एक’ असं आपण म्हणतो का कधी? ‘बहिणींपैकी एक’ म्हणतो. आधी पुष्कळजणी हव्यात, मग त्यातली एक!”

क्रियापदाचंही तसंच. ‘बहिणींपैकी एक नांदेडला राहते’, राहतात नव्हे. क्रियापद त्या एकीचं. म्हणून ‘वन ऑफ माय सिस्टर्स इज इन नांदेड’. तिथं ‘आर’ नको. आणि बहीण एकुलती एकच असेल, तर ‘वन ऑफ’ नकोच. नुसतं ‘माय सिस्टर’ पुरे.

सरावाला आपला मुलूखच घ्या. गोदावरीकाठी शहरं पुष्कळ, त्यांपैकी एक नांदेड : ‘नांदेड इज वन ऑफ द सिटीज ऑन द गोदावरी.’ लातूर १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा जिल्हा झाला. आज मराठवाड्याच्या आठांपैकी एक : ‘वन ऑफ द एट डिस्ट्रिक्ट्स ऑफ मराठवाडा.’

परकी भाषा आपल्याकडं काही नवी नाही. १९४८ पर्यंत, निजामाच्या राजवटीत, इथल्या मुलांना वरच्या वर्गांत उर्दूतून शिकावं लागे. तीही माणसं शिकलीच की! आपल्या हाताशी तर मराठीचा ‘पैकी’ आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, जुन्या वहीच्या मागच्या पानावर पाच वाक्यं लिहाच. साड्यांपैकी एक, शेजारणींपैकी एक, लेकरांपैकी एक. आधी मराठीत, मग इंग्रजीत. ‘स’ आपोआप येईल. आणि वही लेकीसमोर उघडी ठेवा; आईसुद्धा लिहिते, हे तिला दिसू द्या.