तारीख फाइलीत आहे, पीडीएफमध्ये नाही

ईमॅक्समधल्या ऑर्ग-मोडवर माझा सगळा कारभार चालतो, आणि इतरांच्या ऑर्ग फाइली मार्गी लावून देणं हाही माझ्या कामाचाच भाग आहे. सगळ्यात जास्त तक्रार एकच येते: फाइलीत तारीख स्पष्ट दिसते, एक्स्पोर्ट केलं की गायब. तक्रार करणारा बहुधा फॉरमॅटच्या मागे लागलेला असतो. मी आधी विचारतो, ही तारीख तिथे कशासाठी लिहिली आहे?

कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये ऑर्ग-मोड लिहायला घेतला. ईमॅक्सच्या २२व्या आवृत्तीपासून तो सोबतच येतो. सगळा मजकूर साधा, त्यामुळे तारखेचं काम भोवतालच्या खुणांवरून ठरतं. कोनी कंसातली तारीख सक्रिय, ती अजेंड्यात येते. चौकोनी कंसातली नुसती नोंद. मथळ्याच्या लगेच खाली ‘शेड्यूल्ड’ किंवा ‘डेडलाइन’पुढे लिहिलेली तारीख नियोजनाची.

पीडीएफ किंवा वेबपान काढताना ही नियोजनाची ओळ मुळातच गाळली जाते. मला ते योग्य वाटतं. अहवाल वाचणाऱ्याला तुम्ही ते काम कधी हाती घेणार होता याच्याशी देणंघेणं नसतं. हवीच असेल तर फाइलीच्या वर ‘ऑप्शन्स’च्या ओळीत ‘पी’, कोलन, ‘टी’ लिहायचं; एवढं पुरतं. लोक मात्र त्याच ओळीतलं < हे चिन्ह चालू-बंद करत बसतात. त्याचा अधिकार फार लहान आहे. ज्या परिच्छेदात तारखांखेरीज काहीच नाही, तेवढ्याच तारखा ते लपवतं. वाक्यात आलेली तारीख ते बंद केलं तरी छापली जाते, आणि नियोजनाची तारीख ते चालू ठेवलं तरी उमटत नाही.

खरी पंचाईत कॅलेंडरची. ‘टूडू’ लावलेल्या कामाला शेड्यूल्ड तारीख दिली, आयकॅलेंडर फाइल काढली, फोनवर घेतली, कॅलेंडर कोरं. मूळ सेटिंगमध्ये शेड्यूल्ड तारीख फक्त कामाची सुरुवात म्हणून धरली जाते, कार्यक्रम म्हणून नाही. आणि कामं त्या फाइलीत घालणंच बंद असतं. टूडूच्या डेडलाइनचंही तेच. हे डीफॉल्ट मला मुळीच पटत नाही, कारण माणूस कॅलेंडर काढतो तेच मुळी मुदत चुकू नये म्हणून. ‘यूज-शेड्यूल्ड’ आणि ‘यूज-डेडलाइन’ या दोन्ही व्हेरिएबलांत ‘इव्हेंट-इफ-टूडू’ घातलं की तारखा दिसू लागतात. कामं ‘व्हीटूडू’ म्हणूनही पाठवता येतात, पण प्रत्येक कॅलेंडर ॲप ती दाखवेलच असं नाही.

मराठीत फाइली ठेवणाऱ्यांनी आणखी एक बघावं. कंसात वाराचं नाव ‘शुक्र’ असं आलं तरी ऑर्गला चालतं, पण आकडे देवनागरी असले तर ती त्याच्या लेखी तारीखच नाही. आपल्या सवयीने दिवस आधी आणि वर्ष शेवटी लिहिलं तरी तेच. शंका आली तर तारखेवर कर्सर ठेवून शिफ्टसह उजवा बाण दाबावा. दिवस एकाने पुढे सरकला, म्हणजे ऑर्गने ती ओळखली. मग सेटिंग तपासायचं. सरकला नाही, तर आधी ती ओळ नीट लिहायची. छापील प्रतीत दिवस-महिना-वर्ष हा क्रम हवा असेल तर त्यासाठी कस्टम फॉरमॅटची वेगळी सोय आहे. फाइलीत मात्र वर्ष आधीच राहू द्यावं.